चुलीचा चौथा दगड

शेवटचं पोर दप्तर सावरत दाराबाहेर पडलं, तरी सुगंधा हातात केरसुणी धरून जागची हलली नाही. दुसरीच्या वर्गात, भिंतीला पाठ लावून ती नुसती उभी होती. पोरांचा गलका अंगणात गेला, अंगणातून फाटकाबाहेर गेला, हळूहळू विरला. त्यानंतरही ती थोडा वेळ थांबली. मग कंबरेला पदर खोचून तिने पहिला बाक सरकवला.

"झाला का मुहूर्त?" दारातून राजवाडेसरांनी विचारलं. मुख्याध्यापक माणूस तसा वाईट नव्हता, पण घड्याळाला बांधलेला. शाळा सुटली की वर्ग झाडायचे आणि कुलपं लावायची, हा त्यांचा हिशेब. घाटकोपरच्या टेकडीखालच्या त्या बैठ्या शाळेत बाकीचे वर्ग सुगंधा सरांच्या घड्याळाने झाडायची. दुसरीच्या वर्गाला मात्र तिचं स्वतःचं घड्याळ होतं. सर रोज चिडायचे, आणि ती रोज "होय सर" म्हणून आपलंच खरं करायची.

घरातून माणूस बाहेर पडलं की पाठोपाठ केर काढू नये, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गेलेलं माणूस जरा लांब जाऊ द्यावं, वळणापलीकडे होऊ द्यावं, मग केरसुणी हातात घ्यावी. पाठोपाठ केर काढतात तो एकदाच, तिरडी उचलून नेली की. पुरुष पुढे जातात आणि बाया मागे घर झाडतात.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सुगंधाच्या हातून हा नियम मोडला होता. तिची मालन तेव्हा पहिलीत होती आणि पहिलीचा वर्ग तेव्हा याच खोलीत भरायचा. दुपारी पोरीचं अंग कढत लागलं म्हणून सुगंधाने तिला घरी पाठवलं. घर तेव्हा शाळेमागेच, टेकडीच्या पायथ्याशी, हाकेच्या अंतरावर. कोणी साहेब यायचे होते आणि सरांनी घाई लावली होती. पोर उंबरा ओलांडते न ओलांडते तोच सुगंधाने तिच्या पाठोपाठ केर काढला. ध्यानात आलं तेव्हा केर दारापर्यंत आला होता. ती मनाशी म्हणाली, शाळा म्हणजे काय घर आहे? आणि त्याच दुपारी टेकडीचा एक लचका सुटून पायथ्याच्या घरांवर आला.

माती उपसली. शेजारपाजारची सगळी माणसं सापडली, मालन तेवढी सापडली नाही. वस्तीतल्या एका म्हातारीने सांगितलं की, एका लहान पोरीला गाडीत घालून नेताना तिने पाहिलं. त्या एका वाक्यावर सुगंधा दोन वर्षं जगत होती. मुंबईतलं एकही इस्पितळ तिने सोडलं नाही. पोरीचे दिवस घालू दिले नाहीत, तिचं नाव घेऊन कोणी डोळ्यांना पदर लावला तर उठून जायची. आणि रोज पोरं सुटली की दुसरीच्या वर्गात थांबायची. गेलेला केर परत आत येत नाही हे तिला कळत होतं. पण कळण्यानं कोणाचं पोट भरलंय?

तिच्या नवऱ्याचं, काशीरामचं, म्हणणं वेगळं होतं. गिरणीचा संप झाला आणि ती पुन्हा उघडलीच नाही, तेव्हापासून तो लाकडाच्या वखारीत ओझी उचलत होता. पाठ गेली होती. गावाला, कणकवलीजवळ, भाऊ बोलावत होता. रविवारच्या एस. टी. ची दोन तिकिटं त्याने काढून ठेवली होती, एक शब्दही न बोलता. रविवारी सकाळी सुगंधाला ती देवाच्या फळीवर दिसली.

"पुढच्या आयतवारची गाडी आसा," तो म्हणाला. "तू नाय इलंस तर मी एकटो जातलंय. माझ्यान हयसर आता रवणा होणा नाय."

"मी गावाक गेलंय नि मागसून चेडू इला तर?" सुगंधा म्हणाली. "खंय जातला ता?"

काशीरामने तिकिटं देवाच्या फळीवर आणखी आत सरकवली. 

त्याच आठवड्यात शाळेत कृतीतून शिकण्याचा सप्ताह होता. वरून फतवा आला होता की, आठवडाभर पोरांनी पुस्तक मिटून ठेवायचं आणि हातांनी शिकायचं, शनिवारी साहेब येऊन पाहतील. बाकीच्या शिक्षकांनी कागदाची फुलं नि आगपेटीच्या काड्यांची घरं यांवर भागवायचं ठरवलं. दुसरीच्या प्रधानबाईंचं तसं नव्हतं. मुलुंडहून रोज येणाऱ्या या कुंदा प्रधान म्हणजे नीटनेटकी साडी, मऊ बोलणं आणि एकदा मनावर घेतलं की देवाचंही न ऐकणं. त्यांनी ठरवलं की, पोरांनी मातीची टेकडी करायची आणि तिच्यावर आपापली वस्ती वसवायची. दिवाळीत किल्ला करतात तशीच, दगडांवर चिखलाचं गोणपाट, वर हळीव पेरायचे, शनिवारपर्यंत टेकडी हिरवी.

मातीसाठी राजवाडेसर कचेरीला अर्ज करायला बसले होते. बाई हसून म्हणाल्या की, सर, हे म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा झालं, टेकडी तर आपल्या पाठीशी उभी आहे. मग सुगंधाने काशीरामला सांगितलं आणि सोमवारी वखारीत जायच्या आधी त्याने घमेली भरभरून माती व्हरांड्यात आणून ओतली. तांबूस, चिकट, हाताला गार लागणारी माती. तिच्यात पाणी घालून सुगंधानेच ती पायांनी तुडवली. माती मऊ होती, पण तुडवताना तिला उगाच वाटत राहिलं की, आपण जरा हलक्या पायाने तुडवावं.

सोमवारी टेकडी झाली. मागच्या भिंतीशी दोन बाकांवर फळ्या टाकून ती उभी केली होती. पोरांनी मुठीमुठीने हळीव पेरले, अर्धे अंगावर सांडले. मंगळवारी घरं झाली. ज्याने त्याने आपापलं घर करायचं आणि ते खरोखर जिथे आहे तिथेच ठेवायचं, असा बाईंचा दंडक होता. कोणाचं घर नळाशेजारी, कोणाचं संडासाच्या वाटेवर, एकाचं तर देवळाच्या डोक्यावरच चढलं. त्यावरून भांडणं झाली नि मिटली. संध्याकाळी सुगंधाने नेहमीसारखं थांबून वर्ग झाडला, खिडक्या लावल्या आणि कुलूप घातलं. किल्ल्यांचा जुडगा तिच्याच कंबरेला असायचा.

बुधवारी सकाळी टेकडीच्या डाव्या पायथ्याशी एक घर जास्त होतं.

काल त्या जागी कोणीच काही ठेवलं नव्हतं, ठेवणार तरी कोण? खऱ्या टेकडीवर त्या जागी आता काही नव्हतं, नुसता मातीचा उतार होता. घर इवलंसं होतं, अजून ओलं. भिंतींवर लहान बोटांचे ठसे होते, पण लहान बोटांचे ठसे तिथल्या सगळ्याच घरांवर होते. बाईंनी विचारलं, हे कोणाचं? कोणी हात वर केला नाही. पोरांना त्याचं काही वाटलंही नाही. दुपारपर्यंत रतन नावाच्या एका मुलीने वाळू आणून त्या घरापासून मातीच्या शाळेपर्यंत वाट आखली.

"तिथे कशाला गं वाट?" बाईंनी विचारलं.

"मग ती शाळेत येणार कशी?" रतन म्हणाली.

"ती कोण?"

रतनने खांदे उडवले. "त्या घरातली," असं म्हणून ती पुन्हा वाळू सारखी करायला लागली. दोन वर्षांपूर्वी रतन आणि तिचे आईबाप या वस्तीत नव्हतेच.

सुगंधा तेव्हा माठ भरत होती. हे सगळं तिने ऐकलं आणि तिचा संताप झाला. तिला वाटलं, हे बाईंचं काम. त्यांना मालनचं ठाऊक होतं, तेव्हा पहिलीला त्याच होत्या, मालन त्यांच्याच हाताखाली ग म भ न शिकली होती. चांगल्या घरची बाई, दया आली असेल, केलं असेल घर. पण कोणी मागितली होती दया? दिवसभर ती बाईंशी तुटकपणे बोलली. बाईही तिच्याकडे सारख्या बघत होत्या आणि तिने बघितलं की नजर काढून घेत होत्या.

गुरुवारी हळीव उगवले. पोरं टेकडीभोवती गोळा होऊन ओरडत होती, आणि गोष्टच तशी होती, एका रात्रीत सगळी टेकडी हिरवी लव आल्यागत झाली होती. फक्त डाव्या अंगाला, माथ्यापासून निघून थेट त्या जास्तीच्या घरापर्यंत, एक उघडा पट्टा राहिला होता. तिथे एकही कोंब नव्हता. बाई म्हणाल्या, बी पडलं नसेल. पण सोमवारी तिथे बी टाकणाऱ्यांत सुगंधाही होती. तिने स्वतः तिथे पाणी शिंपडलं होतं.

मग ती वाकली आणि घराच्या दारापुढे तिला चूल दिसली.

मातीच्या गोळ्यांची चूल, भातुकलीतली. चुलीला तीन दगड असतात. या चुलीला चार होते. तीन जवळ जवळ आणि चौथा जरासा बाजूला.

मालन अशीच चूल मांडायची. सुगंधाने कितीदा सांगितलं होतं की, बाय, तीनच दगड लागतात, चौथा कशाला? पोर म्हणायची, तो माका बसाक. आई भाकऱ्या थापते तेव्हा ती जवळ बसायची ना, तशी. ही गोष्ट घराच्या चार भिंतींत झालेली. काशीरामलाही ठाऊक नव्हती, तो त्या वेळी कामावर असायचा. प्रधानबाईंना ठाऊक असणं तर शक्यच नव्हतं.

सुगंधाच्या हातातला तांब्या तिथेच राहिला. दिवसभर ती त्या खोलीत गेली नाही.

शाळा सुटल्यावर तिने बाईंना व्हरांड्यात गाठलं. "बाई, एक विचारू? राग मानू नका. ते घर तुम्ही केलंत का?"

प्रधानबाईंचा चेहरा उतरला. "अगं, मला वाटलं, तू केलंस," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून तर मी गप्प बसले. म्हटलं, करू दे, मनाला बरं वाटत असेल."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आतल्या वर्गात कोणी नव्हतं आणि दोघींनाही आत बघायचं धाडस झालं नाही. जरा वेळाने बाई म्हणाल्या, "किल्ली तुझ्याकडेच असते ना गं?" त्यांनी ते अगदी प्रेमाने म्हटलं, पण म्हणताना त्यांची नजर सुगंधाच्या हातांवर गेली. सुगंधानेही आपले हात पाहिले. नखांत तांबूस माती होती. सोमवारपासून चिखलाची घमेली ती रोज धूत होती, मग माती असणारच. तरी तिने हात पदराखाली घेतले.

घरी आल्यावर तिने काशीरामला विचारलं की, तू शाळेत गेला होतास का? त्याने नकारार्थी मान हलवली. सोमवारी माती ओतून आला त्यानंतर तो फाटकाच्या आत गेला नव्हता.

"ती माती खंयची?" तिने विचारलं.

तो पुढ्यातल्या भाताची शितं गोळा करत राहिला.

"आपल्या घराची," तो शेवटी म्हणाला. "थंयची माती मऊ आसा. उपसलेली. मी रोज थंय जातंय, वखारीत जाऊच्या आधी. वायच खणून बघतंय."

दोन वर्षं ती मुंबईभर फिरली होती आणि हा माणूस रोज सकाळी तिथे खणत होता. तिला न सांगता, कारण सांगितलं असतं तर तिने ऐकून घेतलं नसतं. सुगंधाला त्याचा राग यायला हवा होता. तिला त्याच्या पाठीची कीव आली. ती उठली आणि तिने त्याला आणखी भात वाढला.

शुक्रवारी तिने एक गोष्ट केली. पोरं गेल्यावर ती थांबली, वर्ग झाडला, आणि मग टेकडीपाशी जाऊन चुलीचा तो चौथा दगड उचलला. सुकून कडक झालेला मातीचा गोळा. तिने तो पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ कंबरेला खोचली. खिडक्या दोनदा तपासल्या. कुलूप लावल्यावर ओढून पाहिलं. त्या रात्री तिने पदर अंगावेगळा केला नाही, हात गाठीवर ठेवूनच ती निजली. जागी होती की झोपली, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

शनिवारी सकाळची शाळा. सगळ्यांच्या आधी येऊन तिने कुलूप काढलं. वर्गात ओल्या मातीचा वास कोंडला होता. ती सरळ टेकडीपाशी गेली.

चुलीला चार दगड होते. चौथा नुकता केलेला, ओला. मधोमध तो जरा चेपला होता, त्याच्यावर कोणी बसून गेल्यासारखा.

सुगंधाने कंबरेची गाठ सोडली. कालचा दगड पदरातच होता. ती खाली फरशीवर बसली. आता भीती वाटायला हवी, असं तिच्या मनात आलं, पण भीती आली नाही. आपल्याच पोरीची कसली भीती? दोन वर्षं तिला वाटत होतं की, पोर कुठेतरी लांब आहे आणि तिला वाट सापडत नाही. आणि पोर इथे होती, शाळेच्या पाठीशी, हाकेच्या अंतरावर. घर मांडून बसली होती, चुलीपाशी. फक्त आईच तिकडे बघत नव्हती. सुगंधाच्या तोंडून आवाज फुटला तो रडण्याचा होता हे तिला मागाहून कळलं. पहिली पोरं फाटकात येईपर्यंत ती रडून घेत होती. मग तिने तोंड धुतलं आणि घंटा वाजवली.

साहेब आले. खुर्ची पुसून दिली, चहा झाला, पोरांनी हात जोडून स्वागताचं गाणं म्हटलं. टेकडी पाहून ते खूश झाले. हा उघडा पट्टा कसला, असं त्यांनी विचारलं तेव्हा राजवाडेसर गडबडले. प्रधानबाई शांतपणे म्हणाल्या की, पावसात तिथली माती सरकते, मुलांनी जसं आहे तसं दाखवलंय. साहेबांनी मान डोलावली आणि उत्तम, उत्तम म्हणत पुढच्या वर्गात गेले.

शाळा सुटताना बाईंनी सांगितलं की, ज्याने त्याने आपलं घर घेऊन जायचं. पोरांनी झुंबड केली. तळहातावर, दप्तरात, पाटीवर ठेवून घरं निघाली. टेकडी उघडी पडत गेली. शेवटी एकच घर उरलं, आणि ते घ्यायला कोणी हात पुढे केला नाही.

काशीराम फाटकाशी येऊन उभा होता. उद्याचं काय ते विचारायला आला होता, पण त्याच्याने विचारवत नव्हतं. सुगंधाने त्याला आत बोलावलं. त्याने चपला व्हरांड्याखाली काढल्या. तिने घमेलं पुसून घेतलं, तळाला टेकडीवरचे थोडे हिरवे कोंब पसरले, आणि दोन्ही हातांनी ते घर अलगद उचलून त्यात ठेवलं. मग चूल ठेवली, चारी दगडांसकट. पदरातला पाचवा मात्र तिने स्वतःपाशी राहू दिला. काशीरामने चुलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. 

"जंयसून हाडलंस थंय नेऊन ठेव," ती म्हणाली. "मागे वळून बघू नको."

 त्याने घमेलं उचललं, डोक्यावर न घेता छातीशी धरलं.

"ठेवन इलंस काय बोचकी बांधूया," सुगंधा म्हणाली. "उद्याची गाडी पहाटेची आसा."

तो उंबरा ओलांडून गेला. चपला घालायचं विसरला. अनवाणीच अंगणात उतरला आणि सावकाश, पाय जपून टाकत चालू लागला.

सुगंधाने कोपऱ्यातली केरसुणी घेतली. ती थांबली नाही. काशीराम अजून अंगणातच होता, त्याची पाठ दारातून दिसत होती. तिने मागच्या भिंतीपासून सुरुवात केली, बाकांखालून, फळ्याखालून, मालन बसायची त्या खिडकीजवळच्या जागेवरून. वाळू, सुकलेली माती, हळिवाची टरफलं, सगळं पुढे लोटत ती दाराकडे येत होती.

साहेबांना निरोप देऊन राजवाडेसर व्हरांड्यात परत आले होते. त्यांनी आत डोकावलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि समाधानाने प्रधानबाईंना म्हणाले, "बघा, मनात आणलं तर होतं की नाही वेळेवर?"

 प्रधानबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि दारातून बाजूला झाल्या. काशीराम फाटकाबाहेर टेकडीच्या वाटेला वळला, तेव्हा सुगंधाने केर उंबऱ्याबाहेर काढला.